विश्वनाथ आर. एच.

कॉलेजच्या पोर्चमध्ये टेम्पो उभा होता आणि आमचे विश्वनाथराव त्यातून जांभळ्या फुलांचे खोके उतरवून घेत होते. मी स्कूटी कशीबशी स्टँडवर लावली आणि धावत गेले.

"अहो, हे काय?"

"ऑर्किड."

"ते दिसतंय मला. पण कशाला?"

"कशाला म्हंजे? काल प्राचार्यांचा फोन आला. म्हणाले, शेठ, उद्या ऑर्किडचा कार्यक्रम हाय, विद्यापीठाची माणसं येणार, स्टेजचं तेवढं नीट बघा. आता ऑर्किडच्या कार्यक्रमाला झेंडू लावू व्हय? बेळगावला माणूस धाडून आणलीत."

मी कपाळाला हात लावला. आमच्या धामणग्यात 'रेडेकर मंडप डेकोरेटर्स' हे नाव माहीत नाही असा माणूस नाही. साखरपुड्यापासून श्रद्धांजली सभेपर्यंत सगळ्याचे मांडव, कनाती, झालरी आणि खुर्च्या आमच्याच गोदामातून जातात. धंद्यात विश्वनाथरावांचा हात धरणारा कोणी नव्हता. कानात पडलेल्या शब्दाचा अर्थ विचारायचा असतो, एवढी एकच गोष्ट त्यांना कधी जमली नाही.

"अहो, ते फूल नाही. ते एका नंबरचं नाव आहे. संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला सोळा आकडी नंबर मिळतो. नाव बदललं, गाव बदललं, कॉलेज बदललं तरी नंबर तोच. आपण जे जे लिहिलं ते सगळं त्या नंबराखाली दिसतं."

"आधार कार्डासारखं?"

"तसंच समजा."

"मग त्याला फुलाचं नाव कशाला?"

याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही आणि आता निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी देता येत नाही.

एकटे विश्वनाथरावच फसले असते तर गोष्ट वेगळी. आमचे ग्रंथपाल घेवडे सर, ज्यांनी हा कार्यक्रम ठरवला, त्यांनी फळ्यावर 'भव्य ऑर्किड कार्यशाळा' एवढंच लिहिलं होतं. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम दोन कुंड्या घेऊन हजर होत्या. महिला मंडळाच्या बायका फुलं जगत का नाहीत ते विचारायला आल्या होत्या आणि सोळा आकड्यांचं ऐकून चहा घेऊन परत गेल्या. सभागृह मात्र असं सजलं होतं की विद्यापीठातून आलेल्या पाहुण्यांनी कोणाचं लग्न आहे म्हणून विचारलं.

मला हसायला वेळ नव्हता. त्या नंबरावर माझं सगळं अडलं होतं.

झालं होतं असं. मी प्राणिशास्त्राची. घाटातल्या ओढ्यांमधले खेकडे हा माझा विषय. लग्नाआधी मी हेमलता दत्तात्रय मांगले होते, लग्नानंतर हेमलता विश्वनाथ रेडेकर झाले. आता आपल्याकडे गुणपत्रिकेवर नाव कसं लिहितात? आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. नाव प्रमाणपत्राबरहुकूम असलं पाहिजे असा विद्यापीठाचा दंडक, म्हणून मीही शोधनिबंधांवर इमानदारीत तसंच लिहीत गेले. 'रेडेकर हेमलता विश्वनाथ.' निबंध छापणारी माणसं बाहेरची. त्यांच्याकडे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. त्यांनी शेवटचा शब्द उचलला, उरलेल्या दोघांची आद्याक्षरं केली आणि छापलं, 'विश्वनाथ आर. एच.' लग्नाआधीच्या निबंधांवर 'दत्तात्रय एम. एच.' आयुष्यभर गुडघाभर पाण्यात उभी राहिले मी, आणि कागदोपत्री सगळं संशोधन श्री दत्तात्रय आणि काशीविश्वनाथ यांनी मिळून केलेलं.

प्राध्यापकपदासाठी मी आधी अर्ज केला होता तेव्हा विद्यापीठाने तो परत पाठवला. शेरा होता, 'निबंधांचे लेखक व अर्जदार यांच्या नावांत मेळ नाही. प्रतिज्ञापत्र जोडावे.' आम्ही दोघं वकिलाकडे गेलो. वकिलांनी मजकूर वाचला, 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, दत्तात्रय एम. एच., विश्वनाथ आर. एच. व मी एकच व्यक्ती आहोत,' आणि चष्मा काढला.

"मॅडम, विश्वनाथ म्हणजे तुमचे मिस्टर ना? ते तर बाहेर गाडीवर बसलेत. मग एकच व्यक्ती कशी?"

बाहेरून आवाज आला, "लिहा वकीलसाहेब! लग्नात भटजींनी तसंच सांगितलं होतं."

विद्यापीठाला भटजींचं म्हणणं पटलं नाही. अर्ज पुन्हा परत आला. त्यानंतर नियम निघाला की यापुढे त्या सोळा आकडी नंबराच्या नेटवरच्या पानावर जे दिसेल तेच धरलं जाईल. माझी मुलाखत पुढच्या महिन्यात होती आणि निवृत्ती जवळ आलेली. या वेळी हुकलं असतं तर मी 'विश्वनाथ'च्या नावावर खेकडे ठेवून घरी बसले असते. पदाचं मला एवढं नव्हतं. मी केलेलं काम मी केलंय, हे कुठेतरी एका ठिकाणी लिहिलेलं असावं, एवढंच मला हवं होतं. फार हवं होतं.

कार्यशाळेत घेवडे सर स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले. उत्साही माणूस. कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती येणार होती आणि आपलं कॉलेज शोधनिबंधांत जिल्ह्यात पहिलं यावं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. नंबर मिळाला. 'इतर नावे' असा एक रकाना होता, त्यात मी दत्तात्रय आणि विश्वनाथ दोघांनाही बसवलं. वडिलांचं नाव टाइप करताना थोडं गलबलून आलं. त्यांनी मला पाचवीत असताना भिंग आणून दिलं होतं.

"आता आपले निबंध शोधायचे आणि 'हे माझे' म्हणून घ्यायचे," घेवडे सर म्हणाले आणि त्यांनी 'विश्वनाथ आर. एच.' असं घालून शोध लावला. पडदा भरून यादी आली.

मागे खुर्चीवर चढून विश्वनाथराव एक लोंबती फांदी बांधत होते. ते तिथूनच ओरडले, "अगं, हे तर माझं नाव!"

तेवढ्यात प्राचार्यांनी मला पाहुण्यांना गुच्छ द्यायला व्यासपीठावर बोलावलं. गुच्छ अर्थातच ऑर्किडचा होता. मी परत आले तेव्हा घेवडे सरांचा चेहरा उजळला होता.

"झालं मॅडम! सगळे जोडले. विद्यापीठाला यादीपण धाडून टाकली."

"एवढ्यात? एकेक बघून घ्यायला हवं होतं ना?"

"शेठनी सांगितलं की."

मी वळून बघितलं. विश्वनाथराव खुर्चीवरून उतरले होते. "मी म्हटलं, नाव आपलंच हाय तर घ्या की सगळं. कशाला मागं ठेवायचं?"

तिथेच बसून सगळं तपासायला हवं होतं, पण त्या दिवशी प्रात्यक्षिकाचा तास होता, मुलं खोळंबली होती. संध्याकाळी बघू म्हणून मी गेले. संध्याकाळी वीज नव्हती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बघण्याची गरजच उरली नाही, कारण ते एसटी स्टँडच्या चौकात लागलं होतं.

फ्लेक्स दुमजली होता. मधे विश्वनाथरावांचा फेटा बांधलेला फोटो, त्यांच्या भाच्याच्या लग्नातला. एका बाजूला खेकडा, दुसऱ्या बाजूला एक भली मोठी दाढ, मुळांसकट. खाली लिहिलं होतं, 'खेकडे व दाढ या विषयांवर शंभराहून अधिक शोधनिबंध लिहून धामणग्याचे नाव साता समुद्रापार नेणारे आमचे मार्गदर्शक विश्वनाथशेठ रेडेकर यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: नवजीवन तरुण मंडळ.' या मंडळाला गणपतीचा मांडव दरवर्षी आमच्याकडून सवलतीत जातो.

मी तशीच घरी परतले. दारात एक म्हातारा गालाला रुमाल बांधून बसला होता.

"शेठ हाईत काय? दाढ लई ठणकतीया."

विश्वनाथराव आत आरशासमोर भांग पाडत होते. चेहऱ्यावरचं हसू त्यांना लपवता येत नव्हतं.

"चौकात बघितलंस? पोरं काय ऐकत न्हाईत बघ. मी म्हटलं, नको. पण म्हणाली, शेठ, नेटवरच हाय तुमचं नाव."

"आणि दाढ कुठून आली?"

"ते मलाबी कळंना. मला वाटलं, तूच कधीतरी लिहिली असशील. खेकड्याला दात असत्यात काय?"

"अहो, खेकड्याचं तुम्हाला काय माहीत? तुम्हाला खेकडा फक्त रश्शातला ठाऊक! मी पावसाळ्यात घाटात जळवा अंगावर घेत फिरले. मुलगा पोटात असताना शेवटच्या महिन्यापर्यंत ओढ्यात उतरले. आणि हार कोण घालून घेतंय? दाढवाले शेठ!"

त्यांनी कंगवा खाली ठेवला.

"हेमा, गंमत हाय ती. एवढं काय मनाला लावून घेतीस?"

"तुमच्यासाठी गंमत आहे. माझ्याकडे माझं म्हणून दुसरं काही नाही. हे काम एवढंच आहे." एवढं म्हणून मी रडले. खूप रडले. बाहेरच्या म्हाताऱ्याला वाटलं, आत कोणाची तरी दाढ काढताहेत. तो उठून निघून गेला.

विश्वनाथराव न जेवता बाहेर पडले. दुपारी चौकातून गेले तर फ्लेक्स उतरवलेला होता आणि मंडळाची पोरं सांगत होती की शेठ स्वतः शिडी लावून चढले होते.

त्याच दिवशी विद्यापीठातून फोन आला. "मॅडम, तुमच्या पानावर शंभरावर निबंध आहेत, त्यात ऐंशी दातांचे. दुसरं म्हणजे तुमचे खेकड्यांचे निबंध दावणगिरीच्या एका दंतवैद्यांच्या पानावरही आहेत. नक्की कोण कोणाचं लिहितंय? मुलाखतीआधी निस्तरा, नाहीतर समितीपुढे अवघड होईल."

दाढेचा उलगडा झाला. कर्नाटकात त्या भागात आडनाव लावत नाहीत. आधी गावाचं अक्षर, मग वडिलांचं आणि शेवटी स्वतःचं नाव. दावणगिरीत खरोखरचे एक डॉ. आर. एच. विश्वनाथ होते, दंतवैद्यकाचे निवृत्त प्राध्यापक, आणि ते जन्मल्यापासून विश्वनाथच होते. त्यांच्या दाढा घेवडे सरांनी माझ्या पदरात घातल्या होत्या आणि माझे खेकडे आधीच कधीतरी त्यांच्याकडे चालत गेले होते. दाढा मी काढून टाकू शकत होते. घेवडे सरांनी तोंड एवढंसं करून दुपारी बसून त्या एकेक काढल्याही. पण खेकडे त्यांच्या पानावरून फक्त तेच काढू शकत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कॉलेजातून फोन नंबर मिळवून मी फोन लावला. इंग्रजीत सुरुवात केली तर पलीकडून आवाज आला, "मराठी बोला की. माझी मिसेस निपाणीची. मराठी समजतंय मला, बोलतंय पण."

मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे ते खेकडा तुमचं?"

"हो सर."

"मला पण वाटलंच होतं मॅडम. मी खेकडावर कधी लिहिलो? पण कॉम्प्युटर विचारला, 'हे तुमचंच काय?' मी म्हटलो, एवढं शिकलेलं कॉम्प्युटर, त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. हो म्हटलो."

"सर, मग ते काढून टाकाल का? माझी मुलाखत आहे."

डॉक्टर खाकरले.

"कसं सांगू मॅडम. चाळीस वर्षं दात केलो. कोणी वाचलं नाही. तुमचं खेकडा मात्र लोक वाचतात. मागच्या वर्षी परदेशातून एकाचं पत्र आलं, तुमच्या कामानं भारावून गेलो म्हणून. माझं आयुष्यात असं पत्र पहिलं. मी त्याला थँक्यू लिहिलो."

ते पत्र माझं होतं! माझ्या कामावर परदेशातून आलेलं एकमेव पत्र, आणि त्याला थँक्यू एका दंतवैद्याने लिहिलं होतं. विश्वनाथराव समोर बसून ऐकत होते. दोन दिवस ते घरात पाहुण्यासारखे वावरत होते. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"नमस्कार डॉक्टर. मी विश्वनाथ."

"विश्वनाथ तर मी."

"मीपण. मी मॅडमांचा मालक. ज्याच्या नावावर हे सगळं रामायण झालं तो. हे बघा, माझा मांडवाचा धंदा. लग्नाच्या सीझनला एका कार्यालयात तीन-तीन मांडववाल्यांचा माल जातो. परत येताना आपल्या खुर्च्या त्याच्या टेम्पोत, त्याच्या आपल्या टेम्पोत. त्यात चोर कोण नसतोय. पण कळल्यावर खुर्च्या परत धाडायच्या असतात. तुमच्या सगळ्या दाढा आम्ही कालच परत धाडल्या. मोजून घ्या."

पलीकडचे विश्वनाथ हसायला लागले. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाले. विश्वनाथरावांनी फोन कानापासून दूर केला.

"म्हणतायत, बाकीचे सगळे देतो, एक ठेवू काय. ते नवीन जातीचं खेकडं. नातीनं शाळेत सांगितलंय की आजोबानं शोधलं म्हणून."

ती जात माझी सगळ्यात मोठी कमाई होती. आमच्या घाटाखेरीज ती कुठे दिसत नाही. लालसर पाठ, पायांच्या टोकाला पिवळा ठिपका. जगात ती आधी कोणी नोंदवली नव्हती, मी नोंदवली. दुसरा कुठलाही निबंध मागितला असता तर मी दिला असता, इतकं त्या माणसाचं बोलणं ऐकून मला वाईट वाटलं होतं. पण हा नाही.

मी मान हलवली. विश्वनाथरावांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन कानाला लावला.

"डॉक्टर, ते न्हाई जमायचं. पण असं करा, पावसाळा सुरू झाला की नातीला घेऊन आमच्याकडं या. खेकडा दाखवतो. जिवंत. दगड उचलायचा, खाली बसलेला असतोय. तिनं स्वतः उचलला की मग शाळेत काय सांगायचं ते सांगू दे."

त्या आठवड्यातच त्यांच्या पानावरून माझे खेकडे गेले. बरोबर मला दोन ओळींचा निरोप आला, परदेशातलं ते पत्र जोडलेलं. खाली लिहिलं होतं, 'हे पण तुमचं.'

मुलाखतीला विश्वनाथराव सोबत आले. बाहेरच्या बाकावर बसले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात टिफिन. समितीत एक वयस्कर प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांनी माझं पान उघडलं, यादी वर-खाली केली, 'इतर नावे' वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"दत्तात्रय कोण?"

"मीच सर. लग्नाआधीची."

"आणि विश्वनाथ?"

"तीही मीच. लग्नानंतरची."

"हेमलता कुठे आहे?"

"ती या नंबरात आहे सर. नुकतीच सापडली."

ते हसले. मग थोडे गंभीर झाले. "बाकी सगळं लागलं, पण एक गोष्ट या नंबरानेही सुटायची नाही. ही तुमची खेकड्याची जात. जातीच्या नावापुढे शोधणाऱ्याचं आडनाव लागतं आणि एकदा छापलं की ते बदलत नाही. तिच्यापुढे विश्वनाथ लागलंय. खेकडा कायमचा त्यांचा झाला. माहीत आहे ना तुम्हाला?"

मला माहीत होतं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही.

"माहीत आहे सर. पण त्या नावावरून माग काढत आलं की शेवटी मीच निघते. तेवढं पुरे आहे मला."

दार नीट लागलेलं नव्हतं. बाहेर बाकावर टिफिनचं झाकण खाली पडल्याचा आवाज झाला.

परतीला निघताना त्यांनी टिफिनचं झाकण पुन्हा बसवलं. मग म्हणाले, "तो खेकडा कायमचा माझ्या नावावर?"

"हो."

"खोडता येत न्हाई?"

"नाही."

"आणि मी त्याच्यासाठी एक दगडपण उचलला न्हाई."

"टिफिन उचललाय की," मी म्हणाले. त्यांना हसू आलं नाही.

निकालाचं पत्र महिन्याभराने आलं. मी प्राध्यापक झाले. कॉलेजात पेढे वाटले, घेवडे सरांनी 'जिल्ह्यात पहिल्या' असं फळ्यावर लिहिलं, कशात पहिल्या ते लिहिलं नाही. संध्याकाळी घरी निघाले तर एसटी स्टँडच्या चौकात गर्दी.

पुन्हा फ्लेक्स होता. आधीच्यापेक्षा मोठा. या वेळी फोटो माझा होता, तो कधी काढला ते मला आठवेना. मी ओढ्यात उभी, पदर खोचलेला, केस विस्कटलेले, हातात खेकडा आणि तोंड आश्चर्याने उघडं. 'प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल खेकडा संशोधक डॉ. हेमलता रेडेकर यांचे हार्दिक अभिनंदन!' आणि त्याखाली हातभर उंचीचे माझे सोळा आकडे. बाजूला उभा असलेला एक मुलगा मोबाइलवर तो नंबर लावून बघत होता आणि लागत नाही म्हणून कुरकुरत होता.

सगळ्यात खाली, जिथे मंडळाच्या पोरांचे डझनभर फोटो असतात, तिथे एकच ओळ होती.

'शुभेच्छुक: रेडेकर विश्वनाथ हेमलता.'

विश्वनाथराव शिडी खांद्यावर टाकून कोपऱ्यात उभे होते. मी जवळ गेले.

"अहो, फ्लेक्सवाल्याने घोळ घातला. आडनाव आधी घातलंय. आणि तुमच्या वडिलांच्या नावाच्या जागी माझं नाव पडलंय."

"घोळ न्हाई. मीच तसं घालायला सांगितलंय."

"का?"

त्यांनी शिडी खाली ठेवली. "तुझ्या त्या बाहेरच्या लोकांनी हे नाव वाचलं, तर माझं आडनाव काय धरतील?"

मी खालची ओळ पुन्हा वाचली.

"हेमलता," मी म्हणाले.

"हां," ते म्हणाले. "मग फिटलं की."

पुढच्या पावसाळ्यात दावणगिरीची नात आली, तिने दगड उचलला, खेकडा तिच्या बोटाला चावला आणि तिच्या आजोबांनी दाढेच्या डॉक्टरला शोभेल अशा थंडपणाने तो सोडवला. आता आम्ही दोघंही घरीच असतो. गोदाम मुलगा बघतो. तो फ्लेक्स अजून तिथे आहे, धूळ बसू नये म्हणून चांगल्या खुर्च्यांवर झाकायला घेतात. माझा फोटो, आकडे, खेकडा, सगळं आत दुमडलेलं असतं. विश्वनाथराव मात्र अधूनमधून काठी टेकत जातात आणि खालची ओळ वर राहील असा तो पुन्हा अंथरून येतात.